‘अठरा झाले की दोन वर्षं सक्तीनं फौजेत टाका’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. दुपारपर्यंत तोच मेसेज भावकीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि कापसाचे भाव टाकायच्या ग्रुपवरही फिरला. बाहेर गल्लीत लेकरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत होती, आणि मी ओसरीवर बसून तो मेसेज तिसऱ्यांदा वाचत होतो.

त्यात म्हटलं होतं ते थोडक्यात असं. जगातली मोठी साम्राज्यं सक्तीच्या लष्करी सेवेवर उभी राहिली. पुढे पोरं ऐषआरामी झाली, लढायला कचरली, म्हणून ती बुडाली. ऑस्ट्रिया-हंगेरी, रशियाचा झार, तुर्कस्तानचा सुलतान ही उदाहरणं. ज्यांनी बंदुका खाली ठेवल्या ते गद्दार होते. म्हणून आपल्याकडे अठरा वर्षांच्या प्रत्येक पोराला दोन वर्षं सक्तीनं फौजेत टाकावं. त्यानं जातपात मिटेल, शिस्त येईल, पोरगा माणूस होऊन परत येईल आणि खेड्यातली बेकारी संपेल. शेवटी नेहमीचं, ‘खरा देशभक्त असाल तर पुढे पाठवा’.

मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन, आणि त्यावर न भागणारं घर. फौज आम्हाला परकी नाही. कामठीची छावणी १८२१ पासूनची, पुलगावला दारूगोळ्याचा डेपो, भद्रावती, भंडारा, अंबाझरीला शस्त्रास्त्रांचे कारखाने. माझ्या वर्गातली सात-आठ पोरं दर वर्षी भरतीच्या मागे असतात, आणि त्यातलं एखादं लागलं की गावात मिरवणूक निघते, मीही त्यात चालतो. फौजेविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण ज्या पोरांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, त्यांना या मेसेजनं शंभर वर्षांनी भित्रं आणि गद्दार ठरवलं आहे. त्यांच्याविषयी जे माहीत आहे ते सांगितल्याशिवाय गप्प बसणं मला जमलं नाही.

‘पोरं कचरली म्हणून साम्राज्य बुडालं’

ऑस्ट्रिया-हंगेरीपासून सुरू करतो, कारण मेसेजनं तेच पहिलं घेतलंय.

मध्य युरोपातल्या त्या साम्राज्यात सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा १८६८ साली झाला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा तो ४६ वर्षं जुना होता. मेसेजवाले मागतात ती दोन वर्षांची मुदतही होती. पायदळाची मुदत १९१२ च्या कायद्यानं तीनवरून दोन वर्षांवर आणली होती. १९१४ ते १९१८ या काळात तिथं सुमारे ७८ लाख माणसं फौजेत ओढली गेली आणि दहा लाखांहून जास्त मेली. घराघरातून एवढी माणसं मरायला गेल्यावर त्यांना कचरलेली कसं म्हणायचं?

ती कशी मेली तेही पाहू. १९१५ च्या जानेवारीत सेनाप्रमुख कोनराड फॉन हॉट्झेनडॉर्फनं कार्पेथियन डोंगरात हल्ल्याचा हुकूम सोडला. डोंगरापलीकडे प्शेमिशलचा किल्ला रशियनांनी वेढला होता, आत लाखावर सैन्य अडकलं होतं, ते सोडवायचं होतं. भर हिवाळा, कंबरभर बर्फ, तोफा वर चढेनात, खालून भाकरी पोचेना. आमच्याकडे डिसेंबरात हरभऱ्याची जागल करणाऱ्याला विचारा. शेजारी शेकोटी असते, अंगावर घोंगडी असते, तरी पहाटे बोटं वळत नाहीत. तिथं शेकोटी पेटवली की शत्रूला जागा कळायची. रात्री टेकून बसलेली पोरं सकाळी तशीच बसलेली सापडायची. एप्रिलपर्यंत मेलेले, जखमी, गोठून निकामी झालेले आणि पकडले गेलेले मिळून सहा ते आठ लाख माणसं गेली. आणि किल्ला २२ मार्चलाच पडला होता. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते हातचं गेल्यावरही महिनाभर त्याच डोंगरात माणसं मरत राहिली.

या फौजेतल्या दोन वस्तू मी वर्गात नेहमी सांगतो.

पहिली म्हणजे एक पितळी डबी. आपल्याकडे लेकराच्या दंडाला ताईत बांधतात ना, तशीच, जरा चपटी, उघडझाप होणारी. आत घडी केलेली कागदाची चिठ्ठी: नाव, गाव, जन्माचं साल, पलटण. पोरगा मेला तर कोणाचा ते कळावं म्हणून. आपण लेकराला काही होऊ नये म्हणून ताईत बांधतो. त्यांची डबी काही झाल्यावर उघडायची होती.

दुसरी वस्तू पोस्टकार्ड. युद्ध लांबलं तशी आघाडीवरून घरी जाणारी पत्रं वरच्यांना जड वाटू लागली, कारण पोरं खरं लिहीत होती. मग छापील कार्ड निघालं. त्यावर एकच वाक्य नऊ भाषांमध्ये छापलेलं: ‘मी बरा आहे आणि माझं ठीक चाललं आहे.’ आणि सोबत सूचना, तीही नऊ भाषांत, की या कार्डावर दुसरं काहीही लिहायचं नाही. कल्पना करा, तिकडच्या एखाद्या खेड्यातली माय ते कार्ड हातात घेऊन बसली आहे. पोराच्या पायाची बोटं राहिली की गळाली, त्याला ताप आहे की नाही, तो जेवतो काय, हे तिला कळायला मार्ग नाही. आणि पोराला माहीत आहे की आपण आईला खोटं पाठवतो आहोत, कारण खरं लिहायला सरकारनं जागाच ठेवलेली नाही. अशी दहा-वीस कार्डं पाठवल्यावर त्या सरकारनं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवर त्यानं किती विश्वास ठेवायचा?

मला विचाराल तर विश्वास उडायची सुरुवात गोळीच्या भीतीनं झालेली नाही. भीती तर पहिल्या दिवसापासून होती, आणि तिच्यासकट ती पोरं चार वर्षं उभी राहिली. विश्वास उडाला तो घराकडून आलेल्या बातम्यांनी आणि वरच्यांच्या वागण्यानं. त्यांचे घोडे युद्धासाठी नेले, चर्चच्या घंटा वितळवून तोफा केल्या, धान्याची सक्तीनं उचल केली. १९१८ च्या जानेवारीत ऑस्ट्रियात माणशी पिठाचं रेशन दिवसाला २०० ग्रॅमवरून १६५ ग्रॅमवर आणलं आणि कामगारांचा संप पेटला. साम्राज्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, हंगेरीत, गहू होता. पण तो इकडे सोडायला हंगेरीचं सरकार तयार नव्हतं. आघाडीवरच्या पोराला हे सुटीवर गेलेल्या सोबत्याकडून कळायचं. आपण ज्या घरासाठी इथं बसलो आहोत ते घर उपाशी आहे, हे कळल्यावर बंदूक कोणासाठी धरायची?

आणि मग कैदेतून परत आलेल्यांचं प्रकरण. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त लागतं ते हेच. रशियाशी ३ मार्च १९१८ ला तह झाला आणि तिथल्या छावण्यांमधून ऑस्ट्रिया-हंगेरीचे लाखो कैदी घरी परतू लागले. तीन-तीन वर्षं सैबेरियात काढलेली माणसं. त्यांना वाटलं आपलं सरकार आपल्याला जवळ घेईल. सरकारनं त्यांना आधी छावणीत ठेवून चौकशी केली: पकडला कसा गेलास, लढलास का, तिकडे कोणाच्या सभांना गेलास. मग काही आठवड्यांची सुटी, आणि पुन्हा आघाडीवर. इटलीच्या आघाडीवर माणसं कमी पडत होती.

जून १९१८ मध्ये सर्बियातल्या क्रागुयेवात्स गावी ७१व्या पायदळ पलटणीच्या स्लोवाक शिपायांनी बंड केलं. त्यातले बरेच जण असेच कैदेतून परतलेले होते. पुन्हा आघाडीवर जायची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. बंड एका रात्रीत मोडलं, आणि ४४ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्याच साम्राज्यानं, त्यांच्याच बंदुकांनी. पाच महिन्यांनी ते साम्राज्य उरलं नाही.

ती माणसं लढून, गोठून, कैद भोगून परत आलेली होती. त्यांना मऊ म्हणणारा मेसेज आमच्या ग्रुपवर सव्वाशे जणांनी वाचला आणि त्यावर सत्तावीस अंगठे आले.

तुर्कस्तानचं थोडक्यात. १९१४-१५ च्या हिवाळ्यात सारीकामिशच्या डोंगरात तिथला युद्धमंत्री एन्व्हर पाशा यानं नीट गरम कपडे नसलेली फौज बर्फात घातली आणि हजारो पोरं शत्रू दिसायच्या आधीच गोठून मेली. युद्ध संपेपर्यंत त्या फौजेतून पळालेल्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास गेली. बहुतेक जण शत्रूकडे गेले नाहीत, आपापल्या गावाकडे गेले. शेत पेरायला कोणी उरलं नव्हतं.

‘ज्यांनी बंदूक खाली ठेवली ते गद्दार’

गद्दार हा शब्द तेव्हाही वापरला गेला, आणि तो कोणी वापरला ते महत्त्वाचं आहे. एप्रिल १९१५ मध्ये त्याच कार्पेथियनमध्ये प्रागची २८वी पायदळ पलटण रशियनांच्या हल्ल्यात जवळजवळ सगळी पकडली गेली. सैन्याच्या वरिष्ठांनी लगेच ठरवलं की चेक पोरं मुद्दाम शत्रूला जाऊन मिळाली. सम्राटाच्या हुकमानं पलटण बरखास्त केली, आणि त्याची जाहीर वाच्यता केली. पुढे इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा दिसलं ते वेगळंच: जागा वाईट होती, रशियन संख्येनं भारी होते, आणि ठरवून केलेल्या फितुरीचा पुरावा मिळत नाही. चूक सेनापतींची होती, डाग पोरांवर लागला. शंभर वर्षांनी तोच डाग आमच्या ग्रुपवर येऊन पडला.

रशियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथं सुमारे दीड कोटी माणसं फौजेत ओढली होती, बहुतेक सगळी शेतकऱ्यांची. १९१५ मध्ये रायफली इतक्या कमी पडल्या की काही जणांना हाती काही नसताना आघाडीवर पाठवलं; पुढचा पडला की त्याची रायफल उचलायची. तरी त्यानंतर दोन वर्षं ती फौज उभी होती.

मग रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतला, पेट्रोग्राडमधला फेब्रुवारी १९१७. हे त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, आपल्या हिशेबानं मार्च. बायका भाकरीसाठी रांगेत उभ्या राहून थकल्या होत्या आणि मोर्चे निघत होते. २६ फेब्रुवारीला वोलिन्स्की पलटणीच्या प्रशिक्षण तुकडीला जमावावर गोळ्या घालायचा हुकूम मिळाला. त्यांनी घातल्या. माणसं मेली. रात्री पोरं बराकीत परत आली आणि झोपू शकली नाहीत. आपण ज्यांना मारलं त्या आपल्याच आया-बहिणींसारख्या होत्या, हे त्यांना कळत होतं. तिमोफेई किर्पिच्निकोव्ह नावाच्या सार्जंटसह त्यांनी रात्रीतून ठरवलं की उद्या गोळी घालायची नाही. सकाळी त्यांनी नकार दिला, त्यांचा अधिकारी मारला गेला, आणि ते शेजारच्या बराकींकडे निघाले. संध्याकाळपर्यंत साठ हजारांवर शिपाई त्यांच्या बाजूला आले. झारनं तीन दिवसांत गादी सोडली.

त्या रात्री बराकीत बसलेल्या पोरांना गद्दार म्हणायचं असेल तर आधी सांगा, त्यांनी दुसऱ्या दिवशी काय करायला हवं होतं? भाकर मागणाऱ्या आणखी किती बाया मारायला हव्या होत्या? ज्याला सक्तीनं उचलून आणलं त्याच्या हातून सरकार काहीही करवून घेऊ शकतं, असा समज झार धरून बसला होता. मेसेजचाही तोच समज आहे.

‘फौजेत गेलं की जातपात, भाषा, सगळं मिटतं’

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण तो खरा व्हावा असं मलाही वाटतं. चांगल्या पलटणीत एका ताटात जेवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण सक्तीची फौज आपोआप हे करते, याला इतिहासात आधार नाही.

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दर शंभर शिपायांमध्ये साधारण २५ जर्मन, २३ हंगेरियन, १३ चेक, आणि उरलेले सर्ब, क्रोएट, पोलिश, युक्रेनी, रोमानियन, स्लोवाक, स्लोव्हेन, इटालियन. हुकूम जर्मनमध्ये, ऐंशीच्या आसपास ठरावीक शब्द, ते सगळ्यांनी पाठ करायचे. बाकी बोलणं पलटणीच्या भाषेत, आणि ती भाषा अधिकाऱ्यानं तीन वर्षांत शिकायची, असा नियम. नियम चांगला होता. पण शिकलेले अधिकारी पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या संख्येनं मेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना पोरांची भाषा येत नव्हती. धारणीच्या वरच्या पाड्यातलं एखादं कोरकू पोरगं घ्या, त्याला ऐंशी शब्द पाठ करून घ्या, आणि गोळ्या सुरू असताना ऐंशीच्या बाहेरचं काही सांगायची वेळ आली तर काय होईल ते मनात आणा. ‘मागे ये, डावीकडे खड्डा आहे’ हे ऐंशी शब्दांत नसतं.

आणि जातीचं म्हणाल तर विदर्भातल्या माणसानं तरी हा मुद्दा पुढे पाठवताना थांबायला हवं होतं. इंग्रजांच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’चं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. फौजेचं दारच जातीनं लावलेलं होतं, ते बाहेरच्या माणसांनी भांडून उघडलं.

त्याच पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रज तपासायचे. ते शिपाई पगारी, स्वखुशीनं गेलेले, सक्तीचे नव्हते. तरी त्यांनी घरी लिहिताना एक खूण वापरली: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी फार खर्च होते आहे, लाल मिरी जपून वापरतात, अशा अर्थाची वाक्यं त्या पत्रांत आहेत. एकाच खंदकात बसूनही कोणाचा जीव स्वस्त आहे हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

‘शिस्त येईल’

यावर मी आमच्या गावच्या सुभेदार काकाजींनाच विचारलं. अठ्ठावीस वर्षं नोकरी करून आलेला माणूस, अजून सकाळी अंगण स्वतः झाडतात. त्यांनी मेसेज वाचला, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, “सर, मांगचा माणूस मनानं आला नसन तं आपली पाठ कोनाच्या भरवशावर सोडाची?” मग थोड्या वेळानं, “जबरदस्तीचा बैल वखराले जुपला तं तास सरका येत नाही, अन् इथं तं बंदूक हाय.”

माझ्याकडे यापेक्षा जास्त काही नाही.

‘दोन वर्षांत पोरगा माणूस होऊन परत येतो’

सोव्हिएत रशियातही सेवा दोन वर्षांचीच होती. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांची फौज अफगाणिस्तानात उतरली आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा शिपाई पूल ओलांडून परत आला. या काळात सहा लाखांहून जास्त माणसं आळीपाळीनं तिथं गेली, त्यातली बहुतेक अठरा ते वीस वर्षांची, सक्तीनं भरती केलेली पोरं. त्यांना सांगितलं होतं की तुम्ही शेजारच्या देशाच्या मदतीला, कर्तव्यावर चालला आहात. गेल्यावर दिसलं की ज्यांच्या मदतीला आलो तेच गावकरी आपल्याकडे कसे बघतात.

सुमारे पंधरा हजार मेले. पण मला थांबवतो तो दुसरा आकडा: चार लाखांहून जास्त जण आजारी पडून दवाखान्यात गेले. लाखाहून जास्त नुसत्या काविळीनं, त्याखालोखाल टायफॉइड. सगळे आजारी धरले तर दर तीन पोरांमधली दोन. एका महासत्तेला, जिच्याकडे अणुबॉम्ब होते, रॉकेटं होती, स्वतःच्या पोरांना उकळलेलं पाणी देता आलं नाही. पावसाळ्यात ज्या गावात विहिरीच्या पाण्यानं कावीळ पसरते त्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेलेल्यांच्या पेट्या जस्ताच्या पत्र्याच्या, झाळून बंद केलेल्या. आईला उघडून तोंड पाहता येत नसे. सुरुवातीची काही वर्षं थडग्यावर अफगाणिस्तान हा शब्द कोरायलाही परवानगी नव्हती. १९८९ मध्ये त्या देशात शिपायांच्या आयांची समिती उभी राहिली, आणि दोन वर्षांनी तो देश विसर्जित झाला. तिथंही त्या आयांना आधी गप्प राहायलाच सांगितलं गेलं होतं.

परत आलेली पोरं माणूस होऊन आली का? काही जण आली. पुष्कळ जण गप्प होऊन आली. ज्या कामासाठी गेलो होतो ते काम काय होतं, हे सांगणारा कोणी त्यांना भेटला नाही.

‘खेड्यातली बेकारी संपेल’

हा मेसेजमधला सर्वांत फसवा मुद्दा, कारण आमच्याकडच्या घराघरात तो लागू पडतो. म्हणून हिशेबच करू. आपल्या देशात दर वर्षी सव्वा कोटीच्या आसपास मुलगे अठरा वर्षं पूर्ण करतात. प्रत्येकाला दोन वर्षं ठेवायचं म्हणजे कोणत्याही वेळी अडीच कोटी पोरं फौजेत. आजचं आपलं भूदल बारा-तेरा लाखांचं. म्हणजे आहे त्याच्या वीसपट. त्यांना जेवण, बूट, रायफल, शिकवणारे उस्ताद आणि झोपायला जागा कुठून आणायची? आणि दोन वर्षांनी दर वर्षी सव्वा कोटी पोरं परत येणार, ती कोणत्या कामावर? बेकारी दोन वर्षं पुढे ढकलली जाईल, एवढंच.

आमच्याकडे याचा लहानसा अनुभव आधीच आहे. कोविडमुळे दोन वर्षं भरती मेळावे झाले नाहीत. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षांची सेवा, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे कायम करायचं, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी देऊन घरी. वयाची अट २१ वरून त्या वर्षापुरती २३ केली, कारण वाट पाहण्यातच पोरांची वयं निघून गेली होती. ही योजना ऐच्छिक आहे, सक्तीची नाही, आणि तिच्याबद्दल माझ्याच दोन विद्यार्थ्यांची मतं दोन टोकांची आहेत. पण चार वर्षांनी मी परत येईन तेव्हा काय, हा प्रश्न दोघांच्याही तोंडी आहे. स्वखुशीनं, पगार घेऊन गेलेल्याला हा प्रश्न पडतो. सक्तीनं नेलेल्याला दोन वर्षांनी किती जोरात पडेल?

आणि जून महिना आमच्याकडे पेरणीचा असतो. ज्या घरात बाप गेलेला आहे, आणि आमच्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, त्या घरातलं अठरा वर्षांचं पोरगं हेच घराचं कर्तं माणूस असतं. झारच्या १८७४ च्या कायद्यातसुद्धा घरातल्या एकुलत्या एका कमावत्या मुलाला सूट होती. मेसेजमध्ये तेवढीही नाही.

‘आपली पोरं तर तयारच आहेत’

मेसेज टाकणाऱ्यानं खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: आपल्या गावची पोट्टी पहाटे चारला पळतात, त्यांना विचारा, ती एका पायावर तयार आहेत.

मी विचारलं. दारव्ह्याच्या रस्त्यावर पहाटे साडेचारला गेलो. बारा पोरं होती. रस्त्याला दिवे नाहीत, म्हणून एक जण मोटरसायकल मागे ठेवून हेडलाइट पाडतो आणि बाकीचे त्या उजेडात सोळाशे मीटर काढतात. परवा एकाचा पाय खड्ड्यात मुरगळला. त्यानं एरंडाचं पान बांधलं होतं आणि तो कडेला बसून बाकीच्यांची वेळ मोबाईलवर मोजत होता. दोघांकडे पळायचे बूट एकाच जोडीचे. एक जण पळून आला की दुसरा घालतो.

मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग वेळ मोजणारा पोरगा म्हणाला, “सर, समद्यायलेच नेलं तं मंग आमी कायले पळून रायलो?”

त्या पोराला फौजेत जायचं आहे. तीन वर्षांपासून तो पळतो आहे. ते त्याचं स्वतःचं ठरवणं आहे, आणि तेवढीच एक गोष्ट त्याच्याकडे पूर्णपणे त्याची अशी आहे. मेसेजला ती काढून घ्यायची आहे.

सत्तावीस अंगठे देणाऱ्यांपैकी सात-आठ जण गावातच राहतात, दोघं ग्रामपंचायतीत आहेत. शाळेमागचं मैदान मोकळं पडलं आहे. त्यावर चार ट्रॉली मुरूम आणि दोन दिवे लागतील. मी माझे तीन हजार रुपये शाळेत ठेवले आहेत. बाकीचं रविवारी सकाळी नऊ वाजता पारावर बसून ठरवू.